गाढव छपरावर कसं गेलं

वकील कशाला हवा? नाही बोलावला. तो तीन मजले चढून धापा टाकत येणार, आधी पाणी मागणार, मग माझ्या साध्या बोलण्याची अशी काही गुंडाळी करणार की माझंच म्हणणं मला दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागेल. आणि मी खाली उतरायचा तर प्रश्नच नाही. दोन वर्षं झाली, मी हा जिना पाहिलाय तो फक्त दारातून. वरच्या चार पायऱ्या दिसतात, बाकीच्या आहेत असं धरून चालतो. मी चौथीपर्यंत शिकलोय. अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढल्यासारखं, पण लागतं. ज्याला लागणार नाही त्याने चष्मा बदलावा.

तर मी, वय वर्षं एकोणऐंशी, धंदा पुस्तकबांधणी, राहणार ह्याच घरात, लिहून देतो की माझी अक्कल जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहीत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून फितवलेलंही नाही. गोड बोलायची ह्या घरात रीतच नाही. जे आहे ते माझ्या कष्टाचं आहे आणि ते कोणाला जावं हे मी राजीखुशीने ठरवलं आहे. ह्याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे आधीचं रद्द वगैरे भानगड नाही.

लोक मला फर्मामास्तर म्हणतात. फर्मा म्हणजे काय हे मला सुई द्यायला येणाऱ्या नर्सबाईंनी कालच विचारलं, म्हणून इथेच लिहितो. छापखान्यातून मोठा कागद येतो. त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा गठ्ठा होतो, तो फर्मा. असे दहाबारा फर्मे एकावर एक रचायचे, पाठीकडून शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, झालं पुस्तक. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक. वाचनाबद्दल.

हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडायचं नाही. मेल्यावर वाचून काय उपयोग, तेव्हा सगळेच मान डोलावतात. सही झाली की त्याच दिवशी, संध्याकाळी सहा वाजायच्या आत, बाहेरच्या खोलीत, घरातली सगळी दारं उघडी ठेवून मोठ्याने वाचायचं. वाचणार माझी नात. तिला मी टाचणी म्हणतो, कारण अंगाने बारीक आणि बोलली की टोचते. वय दहा. ती अडली तर अडू द्यायची. कोणी पुढचा शब्द सुचवायचा नाही, कोणी घड्याळ बघायचं नाही. माझं अक्षर तिला लागतं, औषधांच्या चिठ्ठ्या तीच वाचते.

मी त्याच खोलीत खाटेवर असेन. पण वाचन चालू असेपर्यंत मला मेलेला धरायचं. मेलेल्याला प्रश्न विचारत नाहीत, आणि मेलेला उठून समजूत घालत बसत नाही. मला तोंडाने जमत नाही म्हणून तर लिहितोय.

टाचणे, इथे दम खा. पाणी पी. मग दोन.

दोन. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी, गॅलरी म्हणून जी फळी बाहेर आली आहे ती, हे सगळं माझ्या मुलाला. अट नाही. अट घालून दिलेलं घर राहायला त्रास देतं. फक्त ह्या घरातली एक वस्तू त्याला मिळणार नाही, ती कलम आठमध्ये येईल.

माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. सगळ्या गावाच्या लिफ्ट ह्याच्या हातावर वरखाली होतात आणि बाप तिसऱ्या मजल्यावर, कारण ह्या इमारतीला लिफ्टच नाही. ह्यात त्याचा दोष नाही, पण गंमत आहे. मधेच कुठे लिफ्ट बंद पडली, आत माणसं अडकली, की फोन ह्याला. जेवता जेवता उठून जातो. एकदा त्याच्या हाताखालचा कारागीर सांगत होता, साहेब पोचले की आधी दाराला तोंड लावून आतल्या माणसांशी बोलतात, नाव विचारतात, घरी कोण कोण आहे विचारतात, दार उघडेपर्यंत बोलायचे थांबत नाहीत. मी म्हटलं, घरी तर ह्याचं तोंड उघडत नाही. कारागीर हसला. मी हसलो नाही.

आणि हा माणूस संडासाची कडी लावत नाही. लहानपणापासून. बाहेर एक चप्पल उलटी ठेवतो, म्हणजे आत कोणी आहे हे कळावं. सून नवीन आली तेव्हा तिने दोनदा ती चप्पल सुलटी करून ठेवली होती. पुढे काय झालं ते लिहीत नाही, टाचणी वाचते आहे.

तीन. शिल्लक.

बँकेत आणि पोस्टात जे काही असेल ते मुलगा आणि मुलगी ह्यांना सारखं. आकडे पासबुकात आहेत.

चार. स्टूल.

माझ्या बायकोचं लाकडी स्टूल माझ्या मुलीला. ती लांब राहते, नेण्याची सोय तिने करावी, पण आत्ता नाही. आत्ता ते मला लागतं. कशाला, ते पुढे.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. ती ह्या स्टुलावर बसून वाचायची. बसून वाचणं तिला फार कमी मिळालं, बहुतेक उभ्यानेच. एका हातात पळी, एका हातात पुस्तक, आणि दूध उतू. मी ओरडलो की म्हणायची, दूध रोज येतं, हे पुस्तक परत द्यायचंय. शेजारून आणलेली पुस्तकं असायची. किराण्याच्या पुड्यासुद्धा ती फाडायची नाही, सोडवायची आणि कागद ओट्यावर सपाट करून वाचायची. कुठल्यातरी गावच्या पुराची अर्धी बातमी वाचून दिवसभर म्हणत बसायची, त्या म्हाताऱ्याला काढला की नाही कोण जाणे. तिने मुलांना एकदाही वाच म्हणून सांगितलं नाही. मुलगी तिच्या पायाशी बसून बटाटे सोलायची आणि वर बघून विचारायची, मग काय झालं गं? तेवढ्यावर ती मुलगी वाचायला लागली. आता तिच्या घरी म्हणे झोपायला जागा नाही, सगळीकडे पुस्तकं.

चाळीस वर्षं पुस्तकं मी बांधली. वाचायला तिने लावलं. हे मी ती असताना बोललो नाही.

पाच. मोठी कात्री.

माझी मोठी कात्री, पुठ्ठा कापायची, तळमजल्यावरच्या शिंप्याने दोन दिवसांसाठी म्हणून नेली, त्याला सोळा वर्षं झाली. दरवेळी म्हणतो, मास्तर, उद्या धार लावून आणून देतो. अशी कुठली धार लागते देवाला माहीत. ती कात्री मी त्याला ह्या लेखाने कायमची देऊन टाकत आहे, म्हणजे माझी कात्री दाबून बसल्याचा आनंद त्याला यापुढे मिळणार नाही. तो ह्या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे. सही करण्याआधी त्याने हे कलम वाचलं आणि (हे मागून समासात लिहितोय) म्हणाला, मास्तर, आता धार लावावीच लागणार.

माझे नवे बूटही त्यालाच. खोका उघडलेला नाही. दोन वर्षांपूर्वी घेतले, त्याच महिन्यात डॉक्टर म्हणाले जिना बंद. त्याच्या पायाला मोठे होतील, कागद कोंबावा.

सहा. सून.

माझ्या खाटेजवळचा दिवा, ज्याची मान वळते तो, सुनेला. तिची पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. इस्पितळात चादरी आणि कपडे मोजून घेते, मोजून देते. माझं सगळं करते आणि केल्याचं सांगत नाही, हे मला आवडतं. ती मोबाईलमध्ये डोकं घालून बसते म्हणून मी पुष्कळ बडबड केली होती. परवा विचारलं, काय बघतेस एवढं? म्हणाली, बघत नाही बाबा, वाचते, कादंबरी आहे, बसमध्ये तीन पानं होतात. म्हणजे ह्या घरात दुसऱ्यांदा एक बाई उभ्याने वाचत होती आणि मला दुसऱ्यांदा दिसलं नाही. आज तिने रजा घेतली आहे, मी सांगितलं म्हणून. का ते विचारलं नाही.

सात. भिंतीवरची ढाल.

ती लाकडी ढाल, पितळी पट्टी असलेली, पुस्तकबांधणीच्या कारखान्याने मी निघताना दिली ती. पट्टीवर लिहिलंय, चाळीस वर्षांत एकही फर्मा चुकला नाही. ती आजच भिंतीवरून उतरवावी. खिळ्याला कॅलेंडर लावा.

फर्मे कसे तपासतात ते सांगतो. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर, पाठीकडे, छापतानाच एक काळी खूण येते. पहिल्याची सगळ्यात वर, दुसऱ्याची जराशी खाली, तिसऱ्याची आणखी खाली. सगळे रचून पाठीकडून बघितलं की त्या खुणांचा जिना दिसतो. जिन्यात एक पायरी नाही म्हणजे एक फर्मा नाही. वाचावं लागत नाही. मी असे जिने लाखांनी बघितले. पण एकदा का पाठीला खळ लागली आणि पुठ्ठा चढला, की जिना आत गेला. मग पुस्तकात काय नाही ते फक्त वाचणाऱ्याला कळतं.

मी वाचणारा नव्हतो. मी मोजणारा होतो.

आठ. कडी.

आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी आहे. ती मी बसवली आणि मीच लावायचो. ती कडी, तिचा कोयंडा आणि चार स्क्रू मी मुलाला देत नाही. ते टाचणीला. तिने ती भंगारात द्यावी, नाल्यात टाकावी, कागदावर वजन म्हणून ठेवावी, तिची मर्जी. स्क्रू मी काल दुपारी घरात कोणी नसताना ढिले करून ठेवलेत. चार स्क्रूंना अडीच तास लागले, हाताला कंप आहे. आता बोटांनी निघतील. हे कलम वाचून झालं की लगेच काढायचे, आणि तेवढा वेळ सगळ्यांनी थांबायचं.

पण आधी का ते वाच.

अडतीस वर्षांपूर्वी माझा मुलगा दहा वर्षांचा झाला. मी त्याला पुस्तक बांधून दिलं. विकत आणून नाही, बांधून. कारखान्यात एका गोष्टीच्या पुस्तकाचे उरलेले फर्मे पडले होते, ते मालकाला विचारून एकेक गोळा केले, पाच संध्याकाळी बसून घड्या घातल्या, शिवले, लाल कापडाचा पुठ्ठा चढवला. माझ्या हातून तसं देखणं काम पुन्हा झालं नाही. त्यात एक गिरणीवाला आहे आणि त्याचं गाढव. एवढं मला चित्रांवरून माहीत होतं.

मी त्याला म्हटलं, रविवारपर्यंत वाच आणि मला गोष्ट सांग. मला वेळ नाही म्हणून तू सांग, असं म्हटलं. खरं हे की एक छापील पान वाचायला मला अर्धा तास लागतो आणि ओठ हलतात. ते मुलाला दिसायला नको होतं.

रविवारी सकाळी तो गोष्ट सांगायला लागला. चांगली सांगत होता, हातवारे करून. गाढव नावेत चढलं, नाव कलंडली, गाढव वाहून गेलं. मग म्हणाला, मग ते गिरणीच्या छपरावर उभं होतं आणि खाली गाव टाळ्या वाजवत होतं. मी म्हटलं, वाहून गेलेलं गाढव छपरावर कसं गेलं? तो म्हणाला, माहीत नाही बाबा, पुस्तकात नाही.

पुस्तकात नाही. माझ्या पुस्तकात. मला वाटलं, पोरगं वाचायचा कंटाळा करतंय, मधली पानं खाऊन बापाला शेंड्या लावतंय. बायको धाकट्या मुलीला घेऊन माहेरी, तिच्या आईच्या दुखण्याला गेली होती. ती असती तर पुढचं झालं नसतं. मी त्याला पुस्तकासकट आतल्या खोलीत घातलं आणि कडी लावली. तेव्हा त्या खोलीत कागदाचे गठ्ठे असायचे, खिडकी अर्धी झाकलेली. म्हटलं, गाढव छपरावर कसं गेलं ते सापडलं की दार वाजव.

दुपारी जेवायला काढला. विचारलं. म्हणाला, खरंच नाही बाबा. पुन्हा आत घातला. आतून रडला, मग ओरडला, मग गप्प झाला. दिवेलागणीला दार वाजलं. म्हणाला, "बाबा, सापडलं. गाढवाला पोहता येत होतं. ते पोहून गिरणीपाशी आलं आणि शिडीवरून चढलं."

मी कडी काढली. त्याची पाठ थोपटली. म्हटलं, बघ, नीट वाचलं की सगळं सापडतं.

औषध लागू पडलं असं वाटून मी ते रोजचं केलं. संध्याकाळी सहा ते साडेसहा, दोन वर्षं. बायको येता जाता काही न बोलता कडी काढायची, मी पुन्हा लावायचो. शेवटी तिने दाराबाहेर स्टूल टाकलं. बंद दाराकडे तोंड करून ती तिचं पुस्तक मोठ्याने वाचायची. मला वाटायचं, मला खिजवायला. ती कोणासाठी वाचत होती हे कळायला मला तिच्या स्टुलावर बसावं लागलं.

त्या मुलाने पुढे शाळेचं सोडून एकही पुस्तक उघडलं नाही.

आता ह्या वर्षाचं. शाळेतून निरोप आला, टाचणीचं वाचन कच्चं आहे. मुलगा घाबरला. कामावरून लवकर यायला लागला. रागवत नाही, मारत नाही, उलट शेजारी पाण्याची बाटली ठेवतो. म्हणतो, अर्धा तास कुठे लक्ष जायला नको, एवढंच. माळ्यावरचं जुनं लाल पुस्तक त्यानेच काढून दिलं, दुसरं घरात नव्हतं. आणि सहा वाजता कडी.

त्या कडीचा आवाज मला खाटेवर ऐकू येतो. लोखंड तेच, आवाज तोच. मला वाटायचं, उठावं. मग वाटायचं, कुठल्या तोंडाने. तीन आठवडे मी ह्या खोलीत आणि पोर त्या खोलीत, दोघंही साडेसहाची वाट बघत पडून. मग एक दिवस वॉकर घेतला, स्टूल ओढत दारापाशी नेलं आणि बसलो. निदान बाहेर कोणी आहे एवढं तिला कळावं.

चौथ्या की पाचव्या दिवशी फटीतून आवाज आला. "आजोबा, गाढव वाहून गेलं होतं ना?"

मी म्हटलं, हो.

"मग ते छपरावर कसं आलं? मी तीनदा वाचलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, पोहत आलं असेल, तू पुढे वाच. पण पुस्तकात पोहायचं काहीच नाही. एक तर गाढव फार हुशार आहे, नाहीतर मी ढ आहे."

मी म्हटलं, खाली आकडा वाच. वाहून जातं त्या पानाचा.

"चौसष्ट."

आणि पुढच्या पानाचा?

"एक्क्याऐंशी."

सोळाचे चार गठ्ठे म्हणजे चौसष्ट. पाचवा फर्मा पासष्टला सुरू होतो आणि ऐंशीला संपतो. मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्या रविवारी मी आकडा विचारला नाही. कारखान्यात प्रत्येक प्रत पाठीकडून बघायचो, ती प्रत बघितली नव्हती. घरचं काम होतं, घरचं काम कोण तपासतो.

मी उठलो आणि कडीला हात घातला. मुलगा स्वयंपाकघरातून आला. म्हणाला, "बाबा, अजून बारा मिनिटं आहेत."

मी म्हटलं, तिला पाणी हवंय.

"आत ठेवलंय," तो म्हणाला. मग माझा हात कडीवर तसाच होता त्याकडे बघून, आवाज न चढवता म्हणाला, "तुम्हीच लावायचात ना?"

मी हात काढला. बसलो. सांगायचं होतं की पानं नाहीत, तेव्हाही नव्हती. बारा मिनिटं तोंडात घोळवत होतो. मग साडेसहा झाले, कडी निघाली, टाचणी बाहेर आली, जेवणाची ताटं मांडायची वेळ झाली, आणि राहिलं.

आता स्क्रू काढ, टाचणे. सावकाश काढ. मग नऊ वाच.

नऊ. लाल पुस्तक, पाचवा फर्मा आणि हत्यारं.

दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर मी त्या पुस्तकाचा पुठ्ठा उसवला. पाठीची खळ ओल्या फडक्याने भिजवली, सुरीने खरवडली. जिना दिसला. चार पायऱ्या, मग खड्डा, मग सहावीपासून पुढे. मी ते तसंच मांडीवर घेऊन बसलो.

मग हत्यारांची पेटी ओढली. पेटीत माझी हाडाची पट्टी आहे, कागदाची घडी दाबायची. तिला टवका जाऊ नये म्हणून ती एका घडीच्या कागदात गुंडाळलेली असते. अडतीस वर्षं तीच गुंडाळी. रोज सोडायचो, रोज पुन्हा गुंडाळायचो. छापलेलं असायचं त्यावर, कोण बघतो. त्या दिवशी बघितलं. खाली आकडा होता, पासष्ट.

पुस्तक बांधायच्या संध्याकाळी मीच तो फर्मा बाजूला ठेवला असणार, आणि हाताला लागला म्हणून पट्टीला गुंडाळला असणार. पोरगं आत रडत होतं तेव्हा ते ज्याला शोधत होतं ते बाहेर माझ्या पेटीत होतं.

मी ती सोळा पानं वाचली. चार दिवस लागले. ओठ हलले, बोट फिरवावं लागलं, खळीच्या डागांखालचे काही शब्द अंदाजाने घेतले. दुसऱ्या दिवशी नर्सबाई सुई घेऊन उभ्या होत्या आणि मी म्हटलं, थांबा, ओळ पुरी होऊ द्या. त्या म्हणाल्या, आजोबा, तुम्ही मला पहिल्यांदाच थांबा म्हणालात, एरवी आटपा म्हणता. एकोणऐंशी वर्षांत मी पहिल्यांदा पुढे काय झालं म्हणून पान उलटलं. मोजायला नाही.

तर आता वाटणी.

लाल पुस्तक, पाठ उसवलेलं, टाचणीला.

पाचवा फर्मा, पान पासष्ट ते ऐंशी, माझ्या मुलाला. तो माझ्या उशीखाली आहे. वाचन संपलं की त्याने स्वतः घ्यावा. मी देणार नाही, मी मेलेला आहे.

दाभण, सुया, दोरा, हाडाची पट्टी आणि शिकंजा, म्हणजे पुस्तक दाबून धरायची ती लाकडी चौकट, दोघांत सामाईक. एकाने विकू म्हटलं तर दुसऱ्याने ऐकू नये. मुलाला शिवता येतं. आठव्या वर्षी तो माझ्याहून सरळ टाके घालायचा. विसरला नसेल, हात विसरत नाहीत. त्याने टाचणीला शिकवावं आणि फर्मा जागेवर बसवावा. पण शिवायच्या आधी वाचायचा. बाहेरच्या खोलीत, नाहीतर स्वयंपाकघरात, नाहीतर जिन्यात बसून, जिथे दार नसेल तिथे. कोणी वाचायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. तिच्याजवळ मागचं आणि पुढचं आहे, त्याच्याजवळ मधलं. एकट्याला गोष्ट पुरी होणार नाही. हे मी मुद्दाम केलेलं आहे.

शाळेच्या कच्च्या-पक्क्याचं मला माहीत नाही. जी पोर तीनदा वाचून म्हणते की ह्यात काहीतरी नाही, ती कच्ची नाही. जो पोरगा सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच म्हणत राहिला तोही नव्हता. पुस्तकात नव्हतंच. तो खरं बोलत होता. चूक माझी होती आणि शिक्षा मी त्याला केली.

टाचणे, वरची तीन वाक्यं पुन्हा वाच. मोठ्याने.

झालं.

वर लिहिलेलं माझंच आहे, मी माझ्या हाताने लिहिलं आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली आहे. साक्षीदारांनी एकमेकांसमोर सह्या केल्या. नर्सबाईंना घाई होती तरी त्यांनी सगळं वाचलं, मग खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, म्हणून चहा गार झाला.

सही: फर्मामास्तर

साक्षीदार पहिला: शिंपी, तळमजला (कात्री मिळाली)

साक्षीदार दुसरी: नर्स, सुई द्यायला येणारी

ठिकाण: घरी, बाहेरची खोली, खाटेवर

दिनांक: चौदा, शनिवार, सकाळी साडेअकरा

गाढव छपरावर कसं गेलं ते मला आता माहीत आहे. पोहून नाही, आणि शिडीवरूनही नाही. मुलाने विचारलं तरी, नातीने विचारलं तरी, वाचन संपल्यावर कोणी माझ्या खाटेवर येऊन बसलं तरी, मी सांगणार नाही. एक अक्षर नाही.